भर उन्हात गप्प बसलेली पेटी

बाहेर डोळ्यांवर हात धरल्याशिवाय बघवत नव्हतं इतकं लख्ख ऊन पडलं होतं. छपरावरची नऊच्या नऊ सौर पॅनेलं आरशासारखी चकाकत होती. आणि घरातला पंखा मात्र बंद होता.

बारा वर्षांची शलाका जिन्याखालच्या भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या पेटीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. रोज ऊन चढलं की त्या पेटीवर हिरवा दिवा लागायचा. आज तांबडा दिवा लुकलुकत होता.

"सूर्य आहे, पॅनेलं आहेत, वायरी आहेत. मग वीज कुठे गेली?" ती पुटपुटली.

तासाभरापूर्वी कुरणवाडीच्या माळावर मोठी वावटळ उठली होती. ओढ्याकाठचा जुना लिंब मोडून विजेच्या तारांवर पडला, दोन खांब कलंडले आणि अख्ख्या गावाची वीज गेली. शलाकाची आई, स्नेहल, वीज मंडळात तंत्रज्ञ होती. खांबांवर चढणं हेच तिचं काम. हेल्मेट चढवून ती लगेच निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "संध्याकाळ होईल. आप्पांचं ऐक, आणि चाचींकडे लक्ष ठेव."

शेजारच्या जैतूनचाची एकट्या राहायच्या. गेल्या वर्षीपासून त्यांची फुप्फुसं थकली होती. हवेतला प्राणवायू गाळून देणारं एक यंत्र त्यांच्या उशाशी सतत चालू असायचं. वीज गेल्यावर त्याची स्वतःची छोटी बॅटरी दोन तास साथ द्यायची. त्यातला एक तास आता संपला होता.

चाचींच्या छपरावरही सौर पॅनेलं बसायची होती. ती आठ दिवसांपासून खोक्यांतच भिंतीला टेकून उभी होती, कारण बसवणाऱ्या माणसाने विचारलं होतं, "पेटी कोणती लावू? साधी स्ट्रिंगची की हायब्रिड?" आणि त्याचं उत्तर कुणालाच देता आलं नव्हतं.

"आप्पा!" शलाकाने हाक मारली. "आपली पेटी बिघडलीय. ही चालू झाली तर लांब वायर टाकून चाचींचं यंत्र चालवता येईल. लवकर या ना!"

आप्पा म्हणजे आईचे वडील. राज्यभरात कुठे किती वीज तयार होते आणि कुठे किती लागते, याचा मेळ घालणाऱ्या केंद्रात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. ते आले, चष्मा वर करून त्यांनी तांबडा दिवा पाहिला आणि म्हणाले, "बिघडली नाही गं. ती ऐकतेय."

"काय ऐकतेय?"

"देशाची नाडी. आत्ता ती लागत नाही, म्हणून गप्प बसलीय."

शलाकाला वाटलं, आप्पा थट्टा करतायत. पण त्यांचा चेहरा गंभीर होता. त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल उचलून दोन्ही हातांत ताणून धरला. "हे बघ. पॅनेलातून येणारी वीज ओढ्याच्या पाण्यासारखी एकाच दिशेने वाहते. तिला म्हणतात एकदिश प्रवाह. पण आपला पंखा, फ्रीज, चाचींचं यंत्र यांना लागते झोपाळ्यासारखी पुढे-मागे झुलणारी वीज. तो प्रत्यावर्ती प्रवाह." त्यांनी टॉवेल पुढे-मागे झुलवला. "एकदिश विजेला झुलायला लावणारी पेटी म्हणजे इन्व्हर्टर. आपली पॅनेलं एकामागून एक माळेसारखी जोडलीत. अशा माळेला तंत्राच्या भाषेत स्ट्रिंग म्हणतात. म्हणून ही झाली स्ट्रिंगची पेटी."

"मग झुलव म्हणावं की!"

"कोणत्या तालावर?" आप्पांनी विचारलं.

शलाकाने पेटीला कान लावला.

"आपल्या तारांतली वीज एका सेकंदात पन्नास वेळा झुलते. एक पूर्ण झोका म्हणजे एक आवर्तन. आता गंमत ऐक. कोयनेच्या पोटात पाण्यावर फिरणारी चाकं, चंद्रपूरची वाफेवर फिरणारी चाकं, कच्छच्या वाळवंटातली पॅनेलं, हिमालयातली धरणं, सगळी त्याच तालावर चालतात. एकही पाऊल पुढे नाही, एकही मागे नाही. श्रीनगरमधला दिवा आणि आपल्या स्वयंपाकघरातला दिवा एकाच झोक्यावर असतात. माणसाने आजवर इतकं मोठं एकच यंत्र दुसरं क्वचितच बांधलं असेल. मी एकतीस वर्षं पडद्यावरचा तो पन्नासचा आकडा बघत बसलो होतो. कुठे एखाद्या शहरात लाखो लोकांनी एकदम कूलर लावले की तो केसभर खाली यायचा. धरणातलं पाणी जरा जास्त सोडलं की पुन्हा जागेवर. जिवंत माणसाचा श्वास बघावा तसं वाटायचं."

शलाकाने भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं. रोज हाताने बटण दाबताना आपण एवढ्या प्रचंड गोष्टीला हात लावतो, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"स्ट्रिंगची पेटी त्या तालात आपला सूर मिसळते," आप्पा म्हणाले. "पण स्वतःचा ताल धरायचं काम तिला दिलेलंच नाही. बाहेरचा ताल थांबला की तीही थांबते."

शलाकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पन्नास मिनिटं उरली होती. तिचं डोकं भराभर चालू लागलं. "आप्पा! मग आपण तिला खोटा ताल ऐकवू! तुमच्या खोलीत ते छोटं जनित्र आहे ना? चाचींचं यंत्र ओढण्याएवढा जोर त्यात नाही, पण त्याचा ताल घरातल्या वायरींत सोडला की पेटीला वाटेल गावाची वीज आली. ती फसेल आणि चालू होईल!"

आप्पांनी एकदम तिचा हात धरला. ते रागावले नव्हते, पण त्यांची पकड घट्ट होती. "चल वर," ते म्हणाले.

गच्चीवर ऊन चटकत होतं. आप्पांनी ओढ्याकडे बोट दाखवलं. मोडलेल्या लिंबापलीकडच्या खांबावर पिवळ्या हेल्मेटचा एक ठिपका दिसत होता. कमरेच्या पट्ट्यावर रेलून, दोन्ही हात तारांमध्ये घालून कुणीतरी काम करत होतं.

"आई," शलाका म्हणाली.

"आता आपल्या घरातून निघालेली वायर बघ. ती कुठे जाते?"

शलाकाच्या नजरेने वायरीचा माग काढला. घरातून गल्लीतल्या खांबावर, तिथून चौकातल्या रोहित्रापर्यंत (विजेचा दाब कमी-जास्त करणारं यंत्र), आणि रोहित्रापासून ओढ्याकडे. थेट त्या पिवळ्या ठिपक्यापर्यंत.

"रोहित्र म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडणारं दार," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "तिकडून अकरा हजार व्होल्टचा दाब आला की ते आपल्यासाठी दोनशे तीस करून देतं. आणि इकडून चुकून आपली दोनशे तीसची वीज शिरली, तर पलीकडे तिचे अकरा हजार होतात. क्षणभरच का होईना. तुझी आई तारा आधी जमिनीला जोडते, हातमोजे घालते, सगळी काळजी घेते. तरीही ज्या तारा मेलेल्या आहेत असं समजून ती काम करते, त्या आपल्या घराने जिवंत करायच्या नसतात. कधीच नाही."

शलाकाला पेटीचा तांबडा दिवा आठवला. आपण तिला बिघडलेली म्हणालो, फसवायला निघालो. आणि ती तर आईसाठी गप्प बसली होती. पेटीला आई माहीत नव्हती, खांबावर कोण आहे हेही माहीत नव्हतं. पण कुठल्यातरी दूरच्या माणसाने ती बनवताना विचार केला होता, की तारेवर कुणाची ना कुणाची आई असेल.

मग ती खाली बघत म्हणाली, "म्हणजे चाचींसाठी आपल्याला हवंय असं काहीतरी, ज्याच्यात साठवलेली वीज आहे, जे स्वतःचा ताल स्वतः धरतं, आणि ज्याचा गावाच्या तारांशी काही संबंधच नाही."

"अगदी बरोबर," आप्पा म्हणाले. "असं काही आहे गावात?"

शलाका गच्चीच्या दुसऱ्या टोकाला धावली. पांडुरंगकाका शाळेची बस चालवायचे. त्यांच्या अंगणात ती पिवळी, विजेवर चालणारी बस उभी होती. सुट्टी लागल्यापासून ती तिथेच होती. सहलीला गेल्यावर त्याच बसमधल्या प्लगवर बाईंनी चहाची किटली लावली होती!

"बस!" ती ओरडली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाली.

वीस मिनिटांत पांडुरंगकाकांनी बस चाचींच्या दाराशी आणून लावली. आप्पांनी यंत्र उचललं, शलाकाने नळी सांभाळली आणि चाची एकेक पायरी चढून पहिल्या बाकावर बसल्या. प्लग लावताच यंत्र गुरगुरलं. त्याच्या बॅटरीचा आकडा खाली जायचा थांबला आणि वर सरकू लागला.

चाचींनी दोन-तीन लांब श्वास घेतले, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "पांडुरंगा, बसवलंच आहेस तर जरा धरणापर्यंत फिरवून तरी आण. चार महिन्यांत घराबाहेर पडले नाही मी, बेटा."

आणि खरोखरच, त्या दुपारी कुरणवाडीच्या लोकांनी शाळेची बस सुट्टीत गावातून जाताना पाहिली. आत एक म्हातारी, एक यंत्र आणि एक मुलगी.

संध्याकाळी साडेसहाला वीज आली. आई धुळीने माखून घरी परतली तेव्हा शलाका तिला घट्ट बिलगली. मग तिने सगळं सांगितलं, खोट्या तालाचा बेतही लपवला नाही. आईने ऐकून घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी चाचींच्या ओसरीवर बैठक बसली. पेटी कोणती, याचा निवाडा करायचा होता.

"हायब्रिड म्हणजे छपराखाली बांधलेली बसच म्हण ना," आप्पांनी सांगितलं. "पॅनेलं तीच, माळही तशीच. पण सोबत बॅटरी असते, आणि पेटीला दोन कामं येतात. बाहेर ताल असला की त्यात मिसळायचं. तो थांबला की आधी घराला गावाच्या तारांपासून तोडायचं आणि मग आत आपला ताल धरायचा."

"आधी तोडायचं," शलाकाने आईकडे बघत पुन्हा म्हटलं.

"मग आपल्याकडेही तीच लावूया का?" आईने मुद्दामच विचारलं.

घाईने बोलायचं नाही असं शलाकाने ठरवलं होतं. "नको," ती शेवटी म्हणाली. "आपल्याकडे वीज गेली तर फार तर पंखा बंद होतो. आपली पेटी साधी आहे, तिच्यात बिघडण्यासारखं कमी आहे, बॅटरी नाही त्यामुळे दहा-बारा वर्षांनी ती बदलायचीही भानगड नाही. जिथे वीज क्वचित जाते आणि गेली तरी कुणाचं अडत नाही, तिथे स्ट्रिंग पुरते. पण चाचींचा श्वास विजेवर आहे. त्यांना हायब्रिडच हवी. आणि पॅनेलं अंगणातल्या चिंचेच्या बाजूला नकोत. माळेतल्या एकावर सावली पडली तरी बाकीची मागे खेचली जातात."

"हे तुला कुणी सांगितलं?" आप्पांनी चकित होऊन विचारलं.

"माळ म्हणालात ना तुम्ही. रांगेतला एक जण रेंगाळला की सगळी रांग रेंगाळते."

आप्पा आणि आई एकमेकांकडे बघून हसले.

जुलैमधल्या एका दुपारी चौकातल्या रोहित्राच्या दुरुस्तीसाठी वीज बंद झाली. शलाका आणि आप्पा तेव्हा चाचींच्या घरीच होते. नव्या हायब्रिड पेटीतून 'खट्' असा आवाज आला. घर गावापासून तुटलं होतं. पण पंखा फिरतच राहिला आणि उशाशी यंत्र शांतपणे गुरगुरत होतं. चौकात आई निर्धास्तपणे काम करत होती. एक छोटंसं घर स्वतःच्या तालावर, एकटं, भर समुद्रातल्या बेटासारखं चाललं होतं.

दीड तासाने वीज परतली. शलाकाला वाटलं, पेटी लगेच 'खट्' करेल. पण नाही. पेटीच्या छोट्या पडद्यावर दोन लाटा उमटल्या. निळी गावाकडून आलेली, पिवळी घरातली. दोन्ही सारख्याच झुलत होत्या, पण पावलं जुळत नव्हती.

"ती घाई करत नाही," आप्पा कुजबुजले. "बघ आता."

पिवळी लाट हळूहळू सरकू लागली. निळीच्या जवळ आली, अजून जवळ आली. मग क्षणभर पडद्यावर दोन लाटा उरल्याच नाहीत. एकच लाट होती, हिरवी. त्याच क्षणी खट्! पंख्याची गती जराही बदलली नाही. चाचींना तर कळलंही नाही. पण त्यांचं घर आता श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत झुलणाऱ्या त्या अफाट झोक्यात पुन्हा सामील झालं होतं.

शलाका कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "आप्पा, समजा सगळ्या देशाचाच ताल थांबला, तर पहिला ठोका कोण देणार?"

"आजवर ते काम धरणांचं. पाणी सोडायचं, चाक फिरवायचं, एकेक केंद्र जागं करत जायचं. फार वेळ लागतो." आप्पांनी खिडकीतून गावाकडे पाहिलं. "पण ताल धरता येणारी अशी लाखो घरं झाली, आणि त्यांना एकमेकांची पावलं जुळवायला शिकवलं, तर पुढे कधी पहिला ठोका एखाद्या वाडीतूनही पडेल. ते नीट आणि सुरक्षित कसं करायचं, हे अजून कुणी पुरतं शोधलेलं नाही."

"म्हणजे ते शोधायचं बाकी आहे?"

"बाकी आहे."

चाचींनी नळी सारखी केली आणि हसून म्हणाल्या, "माझ्या छपरावरून देश चालू करणार होय गं तुम्ही? मग आधी चहा ठेव, बेटा. रिकाम्या पोटी एवढं मोठं काम होत नसतं."

शलाका उठली. पण स्वयंपाकघराकडे जाण्याआधी ती दारात थांबली. पावसाने धुतलेल्या कुरणवाडीवर ऊन उतरलं होतं, आणि माळाच्या टोकापर्यंत छपरामागून छप्पर लखलखत होतं.