थंड खोलीचा फोन

खोटं वाटत असन तं वाचू नका. पन माह्या नातवाच्या जिवाची शपथ, हे घडलेलं हाय.

यंदाची आखाजी, म्हंजे अक्षय्य तृतीया. तिचा दुसरा दिवस. भर दुपार. आमचं देऊळघाट.

गावाबाहेर सीताफळाचा गर काढाचा कारखाना हाय. गर गोठवून ठेवाची मोठी थंड खोली तिथंच. हापीस मलकापूरले, अन् फळं घ्याचं केंद्र उंद्रीले. तिन्ही जागचे फोन माहा नातू दीपक सांभाळते. कोनी फोन उचलला नाई, का तो आपोआप पुढच्या जागी जाते; तवर लावनाऱ्याच्या कानात बासरीची धून वाजते. पयले मलकापूर, मंग उंद्री. तिथंही नाई उचलला, तं शेवटी मॅनेजर इंद्रभान सायबाच्या मोबाईलवर.

पन इंद्रभानले जेवून झोपाची सवय. आखाजीच्या आधी त्यानं दीपकले बोलावलं.

"दुपारचा माहा नंबर त्यातून काढ बे. डोळा लागला का वाजते."

"मंग शेवटचा फोन कुठी पाठवू, सायेब?"

"पाठव ना वापस मलकापूरले. उचलन कोनी तरी."

दीपकनं तसं केलं. नोकरी होती नं त्याची.

त्या दुपारी पुष्पांजली थंड खोलीत माल पाहाले गेली. तिथंच कामाले होती पोरगी, लग्न ठरलेलं.

मागून दार लागलं...

आतली कडी मोडकी. बाकीचे सनाचा अर्धा दिवस करून घरी गेलेले. मोबाईलले आत रेंज नाई. भिंतीवर हापिसाचा फोन होता, त्यावरून बाहेरचा नंबर लागत नाई. तो तिनं लावला.

मलकापूर... कोनी नाई.

उंद्री... सनाची सुट्टी.

आता सायबाचा नंबर लागाचा, तं फोन वापस मलकापूरले.

मंग उंद्री.

मंग मलकापूर.

कानात नुसती बासरी वाजून राह्यली...

बाहेर डांबर पाघळत होतं. आत पोरगी गारठून मेली. सांजच्याले दार उघडलं, तवाही फोन तिच्या कानालेच होता.

इंद्रभाननं सगळ्यायले सांगतलं, "लाईनच बंद होती." दीपकलेही तेच बोलाले लावलं.

पुष्पांजलीची तेरवी झाली.

दुसऱ्याच दुपारी इंद्रभानचा डोळा लागला, अन्... मोबाईल वाजला.

वर नाव, 'थंड खोली'.

उचलला तं बासरी. अन् बासरीच्या मागं... दात वाजाचा आवाज.

रोज हेच. त्यानं थंड खोलीतला फोन उपटून फेकून देल्ला. तरी वाजला. मंग दीपकवर खेकसला.

"माहा नंबर काढला नं तू? मंग मले काऊन लागते फोन?"

"सायेब, तुमचा नंबर म्या वापस टाकलाच नाई. लागूच शकत नाई."

इंद्रभाननं मोबाईल बंद करून ठेवला.

बंद मोबाईल वाजला...

मंग एक दुपार काहीच वाजलं नाई. गडी खुश झाला. वाटीवर वाटी आंब्याचा रस पेला अन् झोपला. चहाच्या वक्ताले त्याची बायको सुचिता उठवाले गेली. लाईट गेलेली, कूलर बंद, खोलीचा नुसता भट्टा झालेला.

इंद्रभान पलंगावर आखडून पडला होता.

बोटं निळी. मोबाईल कानाले चिकटलेला.

मिशीवर बरफ...

दीपकनं हे डोळ्यानं पाह्यलं. डॉक्टर म्हने, हार्ट. मिशीवर बरफ कुठून आला, ते नाई सांगतलं त्यानं.

मले काही वाईट नाई वाटलं. बरं केलं पोरी, म्हनलं. उदबत्ती लावली तिच्या नावानं.

पन दीपकचं जेवन सुटलं.

"आजी, सायबानं सांगतलं. पन नंबर काढनारा हात माहा होता. अन् वरून मी खोटं बोललो."

"तू हुकमाचा ताबेदार रे."

"हे तिले कोन सांगन?"

आमच्या घरीही हापिसाचा एक फोन हाय. कुठी बिघाड झाला, का पयले तो वाजते. आपन नाई घेतला, का मधीच ठेवला, तं मंग दीपकचा मोबाईल.

परवा दुपारी तो वाजला. दीपक आत झोपला होता. म्या उचलला.

बासरी...

"दीपकदादा आहेत का?"

दात वाजत होते तिचे.

"झोपला हाय, माय," म्या म्हनलं. "ज्यानं केलं, त्याले तं नेलं तू. आता माह्या लेकराच्या मागं काऊन पडतं?"

बासरी पुन्हा. लई वेळ...

"झोपू द्या, आजी. मी लाईनवर थांबते."

म्या फोन ठेवाले गेली, अन् हात तिथंच थांबला.

म्या ठेवला, तं पुढचा नंबर दीपकचा.

तवापासून फोन माह्या कानाले हाय. फडक्यानं डोक्याले बांधला. दीपक इचारते, तं सांगतलं का मलकापूरची मैतरीन हाय, लई बोलकी. माही नात आरोही समोर बसून हे लिहून राह्यली, तिलेही आताच समजलं.

दोन रात्री जागली म्या. कान बधिर झाला. मान लवते...

अन् मान लवली, का तिकडून हळूच आवाज येते.

"आजी, दादा उठले का?"