गरीवाल्यांचा गठ्ठा

बेनेडिक्टने मेणकापडाचा गठ्ठा सोडला आणि आतून निघाली जुनी वर्तमानपत्रं.

"तीनशे बारा अर्ज होते, जानकीबाय!" त्याने डोक्याला हात लावला. "दुपारी तीनाक ओरोसाक सुनावणी. सायब एकेक नाव वाचून हजेरी घेतलो, अशी कालच नोटीस इली. आता काय, पेपर वाचून दाखवू?"

देवबागच्या जुन्या जेटीचं टोक गरी, म्हणजे गळ, टाकून मासे पकडणाऱ्यांना बंद होणार होतं. ते बंद व्हावं म्हणून हरकत घेणाऱ्या मासेमारांना त्यांची सोसायटी होती. पण रविवारी हौसेने गरी टाकून बसणारे मास्तर, पोस्टमन, शिंपी यांच्या बाजूने बोलायला कुणीच नव्हतं. म्हणून बेनेडिक्टने वर्षभर खपून मंडळ काढलं. हौसाबाईच्या चहाच्या टपरीवर पेटी ठेवली. लोक अर्ज आणि वर्गणीचे दहा रुपये त्या पेटीत टाकून जात, आणि त्यातूनच आज वकील येणार होता. अर्ज नाहीत तर मंडळ नाही, आणि मंडळ नाही तर टोक गेलंच.

जानकी मसुरकर मुंबईत विम्याचे खोटे दावे हुडकायची, आता मालवणात खाजगी तपास करायची. बाबली तिचा रिक्षावाला आणि स्वतःच्या मते तिचा उजवा हात.

"अर्ज वाचले होतेस?" जानकीने विचारलं.

"खंय? काल सांजच्याक पेटी उघडलंय, मोजले, सुतळेन बांधले आणि क्रुसाकडे प्रार्थनेक गेलंय."

"कुलूप?"

"देवबागात?" बेनेडिक्टला प्रश्नच कळला नाही.

आता मात्र गठ्ठ्याला सुतळी नव्हती, गरीची हिरवी नायलॉन दोरी होती. तिचं रीळ टेबलावरच पडलेलं. जानकीने गाठीचं टोक उजेडात धरलं. ते चेपलेलं, पिंजारलेलं होतं. भिंतीवरच्या खिळ्याला कातर लटकत होती. तिने दोरी कापून पाहिली, कच्चकन तुटली.

"कामगिरी मासेमारांची," बाबलीने निकाल दिला. "विरोध तेंचोच आसा."

बेनेडिक्टची थोरली बहीण कार्मीन, निवृत्त शिक्षिका, पडवीत बेकरीतलं कडक बटर चहात बुडवून बुडवून मऊ करत होती. "कवळी इल्यापासून माझ्या जेवणातली मजाच गेली," ती म्हणाली आणि मग मूळ दुखण्यावर आली. "गरी माझ्याकडना शिकलो तो. आणि सायबासमोर बोलूक कोण जातलो? तो!"

बाबलीने लगेच भुवया उडवल्या. त्याचा गुन्हेगार बदलला होता.

किनाऱ्यावर बोटमालक निकेत पर्यटकांच्या बोटीला नवा दोर बांधत होता. कापलेलं टोक त्याने लायटरने जाळून बंद केलं. "जाळलं नाही तर पीळ सुटतो," तो म्हणाला. "टोक मोकळं झालं तर माझ्या बोटी तिथे लागतील, हे मी लपवत नाही. पण चोरी नाही केली." बाबलीचा गुन्हेगार पुन्हा बदलला.

सोसायटीचा चेअरमन रविकांत तांडेल मांडवात जाळं विणत बसला होता. बोलता बोलता कमरेची सुरी काढून त्याने दोरा कापला. त्याच्या तर्जनीच्या पेरावर ताजी, बारीक चीर होती.

"गरी? बिनकामाच्या लोकांचो खेळ! मी जन्मात हातात धरूक नाय," तो हसला. "सकाळपासून टोकार बसतत. भरती सुटल्याशिवाय थंय तांबोसो मासो तोंड लावना नाय, एवढापण कळना नाय तेंका."

जानकीने त्याला आणि निकेतला बारा वाजता बेनेडिक्टच्या पडवीत बोलावलं.

"ही दोरी दाताने तोडली आहे," सगळे जमल्यावर ती म्हणाली. "कातर समोर असताना! निकेतने टोक जाळलं असतं. कार्मीनबाईंना बटर चावत नाही, नायलॉन काय चावणार? जाळं विणणाऱ्याचा हात सुरीकडे जातो. पण गरी बांधणाऱ्याचा एक हात दोरी ताणण्यात अडकलेला असतो. तो गाठ ओढतो आणि टोक दाताने तोडतो. सवय विचार करत नाही."

"म्हणजे गरीवालोच चोर?" बाबली चक्रावला.

"हो. पण शत्रू नव्हे. शत्रूने गठ्ठाच पळवला असता. ज्याला अर्ज परत आणून ठेवायचे असतील, तोच पेपर भरून वेळ काढतो. त्याला त्यातला एकच अर्ज हवा होता, स्वतःचा. कारण कालच्या नोटिशीप्रमाणे त्याचं नाव आज सर्वांसमोर वाचलं जाणार होतं." ती वळली. "रविकांतदादा, जाळ्याचा दोर तळहात सोलतो, पेर चिरते ती गरीची दोरी. आणि टोकाला तांबोसा कधी लागतो, हे तिथे तासन्‌तास बसल्याशिवाय कळत नाही."

रविकांत उठला आणि स्कूटरच्या डिकीतून अर्ज घेऊन आला.

"बापाशीन पयली गरी माका त्याच टोकार दिल्यान," तो खाली मान घालून म्हणाला. "अजून पहाटे चोरून जातंय. सोसायटीत कळला तर हसतीत. माझो अर्ज गावलो, पण फाडूक हात वळलो नाय."

बेनेडिक्टने गठ्ठा छातीशी धरला. "मेल्या, मागितलं असतंस तर मीच काढून दिलं नसतंय?" त्याने गठ्ठा सोडून समोर धरला. "घे, आताय काढ तुझो."

रविकांतने हात पुढे केला नाही.

ओरोसच्या सरकारी कचेरीत साहेब नावं वाचत गेले. माणसं उठत होती, बसत होती. बाबलीला डुलकी लागायच्या बेतात होती.

"दोनशे अठ्ठ्याण्णव. रविकांत शंकर तांडेल."

विरोधकांच्या बाकावरून चेअरमन उठला. त्याचेच लोक तोंडात बोट घालून बघत राहिले. कुणीतरी हसलंसुद्धा.

"हजर," रविकांत मोठ्याने म्हणाला आणि पलीकडे जाऊन बेनेडिक्टच्या शेजारी बसला.

साहेबांनी चष्मा काढला. "तांडेल, सोसायटीच्या हरकतीवर सही तुमचीच आहे ना? मग आता विरोध कुणाचा आहे?"

सोसायटीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. निकेत छताकडे बघत होता. कुणीच उठलं नाही.