उरलेली डावी बाजू

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. आमच्याच घरात घडलं, आणि मी तेव्हा पूर्ण शुद्धीत होतो.

रात्र नव्हती. लाईटही गेलेले नव्हते. लॉकडाऊनमधली भर दुपार होती, आणि जागा म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची मागची गॅलरी.

घरात आम्ही चौघं. आई, बाबा, वहिनी आणि मी. दादा जहाजावर इंजिनरूममध्ये काम करतो, तो दूर कुठल्या तरी बंदरात अडकून पडला होता. बाबा बस डेपोतले रिटायर मेकॅनिक. वहिनीचं कोपऱ्यावर छोटंसं पार्लर, त्याचं शटर बंद.

सुरुवातीला सगळे एकमेकांवर नुसते खेकसत होते. मग वहिनीच एकदा म्हणाली, "असं भिंतींकडे बघत बसलो तर वेड लागेल सगळ्यांना. हाताला काहीतरी काम पाहिजे."

तिने हाताला काम शोधलं, ते आमच्या डोक्यावर.

जेवणं झाली की गॅलरीत प्लॅस्टिकची खुर्ची, अंगावर जुनी चादर आणि वहिनीची कात्री. तिला सवय बायकांच्या केसांची. माझी पहिली कटिंग बघून आई पोट धरून हसली. दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर तो म्हणाला, "बाहेर पडायला बंदी आहे ते बरंच आहे तुझ्यासाठी."

फक्त बाबा डोक्याला हात लावू देईनात. "माझा न्हावी ठरलेला आहे. त्याचं दुकान उघडलं की बघू."

दुकान काही उघडेना. त्यांचे पांढरे केस कानांवर आले. शेवटी आई म्हणाली, "या इकडे, वेणी घालून देते." तेव्हा कुठे ते खुर्चीत बसले.

वहिनीने उजवी बाजू कापून संपवली, आणि बाबांना खोकला लागला. थांबेचना.

"राहू दे पोरी," ते म्हणाले. "डावी बाजू उद्या."

रात्री ताप चढला. सकाळी अ‍ॅम्ब्युलन्स आली. अर्धे कापलेले केस झाकायला त्यांनी टोपी घातली. जिना उतरताना वळून वहिनीला म्हणाले, "आल्यावर डावी बाजू. विसरू नकोस."

ते आले नाहीत.

हॉस्पिटलमधून फोन आला. आम्हाला चेहरासुद्धा बघू दिला नाही. लांबून एक बंद पिशवी दिसली, तीही क्षणभर. घरी येईपर्यंत आई एकच विचारत होती, "तेच होते ना रे? नक्की तेच ना?"

घर गप्प झालं. वहिनीने कात्री ड्रॉवरमध्ये टाकली, ती परत काढली नाही. दादा व्हिडिओ कॉलवर रडायचा. मध्येच नेटवर्क जायचं आणि त्याचा रडका चेहरा स्क्रीनवर तसाच अडकून राहायचा.

मग ती दुपार आली.

माझं कॉल सेंटरचं काम घरूनच चालायचं. एका कस्टमरची लाईन कट झाली म्हणून मी हेडफोन काढले.

आणि गॅलरीतून आवाज आला…

कच्. कच् कच्.

मला बरंच वाटलं. वहिनीने पुन्हा काम सुरू केलं तर. आईचे केस कापत असेल.

मी उठलो. मधल्या खोलीत आई गाढ झोपली होती.

मी तिथेच थांबलो. मग गॅलरीत कोण…

दारातून वहिनी पाठमोरी दिसली. तिच्या पुढ्यात खुर्ची. खुर्चीवर चादर.

रिकाम्या खुर्चीवर चादर टाकली की ती खाली पडते. ही पडली नव्हती. कुणाच्या तरी खांद्यांवर असावी तशी ती उभी होती.

"मान जरा खाली घ्या," वहिनी हळूच म्हणाली.

चादर पुढे झुकली…

कात्री चालली. खाली फरशीवर काहीतरी पांढरं पडत होतं. मी दाराची चौकट धरून बघत राहिलो.

शेवटी वहिनीने कात्री खाली ठेवली. काहीतरी पुटपुटली. आणि चादर एकदम खुर्चीत कोसळली.

फरशीवर बोटाच्या पेराएवढे पांढरे केस होते. माझे आणि वहिनीचे केस काळे. आईचे पांढरे आहेत, पण ते कमरेपर्यंत लांब.

वहिनी वळली. चेहरा पूर्ण ओला होता.

"मी नाही घाबरले, भावोजी," ती म्हणाली. "मान गार होती. पण ओळखीची होती."

आमच्या बोलण्याने आई उठून आली. तिने केस बघितले आणि खाली बसली. खरं की खोटं, काहीच विचारलं नाही.

"मला का नाही उठवलंस?"

"ते म्हणाले, तिला झोपू दे."

आई बराच वेळ त्या केसांवरून हात फिरवत राहिली. "जन्मभर मीच त्यांना उठवत आले," ती म्हणाली. "आणि मला एकदा उठवायचं तर यांना माझी झोप दिसली."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी ती त्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसायला लागली. आधी गप्प असायची. मग बोलायला लागली. मग हसायला. आम्हाला वाटलं, दुःखात माणूस असं करतं. करू दे.

एकदा मी तिला चहा द्यायला गेलो. दारापाशी पोचलो तर ती कसलीशी गोष्ट सांगत होती. मध्येच थांबली. कुणाचं तरी ऐकल्यासारखी.

आणि मलाही ऐकू आलं…

पुरुषी, खालच्या पट्टीतलं काहीतरी. शब्द कळले नाहीत.

"हो का?" आई म्हणाली आणि हसली.

मी तसाच स्वयंपाकघरात धावलो. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. "वहिनी, बाबा आलेत."

तिचे हात थांबले.

"नाही, भावोजी. ते बाबा नाहीत."

"तुला काय माहीत?"

"त्या दिवशी ते उठताना मी म्हटलं, पुन्हा या." तिने गॅलरीच्या दिशेने बघितलं. "ते म्हणाले, जातो."

बाबा पानाच्या टपरीपर्यंत निघाले तरी 'येतो' म्हणूनच निघायचे. 'जातो' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो त्यांनी त्या दिवशी काढला, म्हणजे ते कायमचेच गेले होते.

गॅलरीत आई परत हसली.

लॉकडाऊन संपला. दादा आला. पार्लर उघडलं. आई अजूनही दुपारी गॅलरीत बसते. दोन घास जास्त जेवते, रात्री शांत झोपते. तिला सांगणार कोण, आणि काय म्हणून सांगणार?

ती बसली की मी दाराशी काहीतरी काम घेऊन बसतो. ती रोज म्हणते, "दार लोटून घे रे, आम्ही बोलतोय."

मी हो म्हणतो.

दार लावत नाही.