लाल दिवा हिरवा होईना

अलेप्पोच्या मिदान भागात माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. नाव खाचिक, पण सगळे उस्ताद म्हणतात. सव्वीस वर्षांत चुकीचा चार्जर मी कुणाला दिलेला नाही.

उम्म वाएल, म्हणजे वाएलची आई, आली तेव्हा तिच्या पिशवीतली सीलबंद बॅटरी पोट फुगून बसली होती.

"कशावर लावलीस?"

"भावानं गाडीचा चार्जर आणून दिला."

"भाऊ कसाई आहे का गं? सात अँपिअरच्या बॅटरीला गाडीचा चार्जर म्हणजे तान्ह्या पोराला बंबाच्या नळीनं दूध पाजणं!"

ती हसली नाही. बॅटरी होती तिच्या नातीच्या वाफेच्या यंत्रासाठी. लमीस सहा वर्षांची, दम्याची. गल्लीतला जनरेटर दुपारी दोनला सुरू होतो आणि रात्री अकराला बंद. त्यानंतर मुलीला धाप लागली की बॅटरीचाच आधार.

मी नवी बॅटरी दिली आणि चार्जर निवडला. सातशे मिलिअँपिअरचा, साडेचौदा व्होल्टच्या आत थांबणारा, मग आपसूक पावणेचौदावर उतरून बसणारा. "लाल म्हणजे भरतेय, हिरवा म्हणजे भरली. विसरलीस तरी बिघडणार नाही."

चार दिवसांनी ती दोन्ही घेऊन परत आली. लाल दिवा हिरवा होईना. आदल्या रात्री यंत्र मध्येच बंद पडलं होतं, आणि लमीसचे ओठ निळे झाले होते.

दुकानात दहा तासांत दिवा हिरवा झाला. बॅटरी चोख, चार्जर चोख. दोन्ही मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी पाठवली. मग चूक तिच्या घरात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मीटर घेऊन मी गेलो.

चौथा मजला. जिन्याच्या डावीकडे तिचं घर. उजवीकडचं घर लढाईत पूर्ण कोसळलं होतं. त्याच्या दाराच्या जागी विटा रचल्या होत्या. लमीस पलंगावर बसून बाहुलीचे केस विंचरत होती. बॅटरी दिवाणखान्यात, त्या कोसळलेल्या घराला लागून असलेल्या भिंतीला टेकून.

जनरेटर सुरू झाला. मी मीटर लावला. सातशे मिलिअँपिअर आत जात होते. तासाभरानंतरही सातशे. व्होल्ट मात्र सव्वाबारावरून हलेनात; दुकानात भरून दिलेली बॅटरी रात्रीत उतरली होती. चार दिवस रोज नऊ तास, म्हणजे पंचवीस अँपिअर-तास तरी आत गेले होते. सातच्या भांड्यात पंचवीस.

मी बॅटरीवर हात ठेवला. भरणारी बॅटरी कोमट लागते. ही गार होती, माठासारखी.

तेव्हा आवाज आला. भिंतीपलीकडून. टकटकटकटक, मग थांबा, मग पुन्हा टकटकटक.

"पलीकडे तर घरच नाही. खालून येत असेल," मी म्हणालो.

"खालच्या घराला कुलूप आहे, उस्ताद."

मी चार्जरची पिन उपटली. आवाज सावकाश मंदावला आणि थांबला, मोटर थांबते तसा. पिन लावली. टकटकटक.

तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तेच.

उम्म वाएल कॉफीचा ट्रे धरून दारात उभी होती.

"तुम्हालाही ऐकू येतं ना? मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

"कोण राहायचं तिथं?"

"अराक्सी. कपडे शिवायची. विजेचं मशीन होतं तिचं." ती घुटमळली. "घर कोसळलं त्या दिवशी मशीनवरच बसली होती."

लमीस मान वर न करता म्हणाली, "आजोबा, तुम्ही पिन काढली की ती भिंतीवर हात फिरवते."

मी भिंतीला कान लावला.

चुन्यावरून काहीतरी घासत माझ्या कानापर्यंत आलं.

तिथंच थांबलं.

मी मागे झालो. बॅटरी न भरण्याचं कारण भिंतीपाशी होतं; बॅटरी भिंतीपासून हलवायची. मी बॅटरी आणि चार्जर दोन्ही उचलून घराच्या दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघरात नेलं आणि तिथल्या प्लगला जोडलं. दहा मिनिटांत व्होल्ट चढायला लागले. अर्ध्या तासात बॅटरी कोमट झाली.

"इथून हलवायची नाही," मी बजावलं. "पुसायला म्हणूनही नाही."

"आणि तिचं काय?"

मी गार झालेली कॉफी एका घोटात संपवली. "बॅटरी लमीसची आहे."

दुसऱ्या दिवशी फोन आला. दिवा हिरवा झाला होता. लमीसला पहाटे धाप लागली, यंत्र शेवटपर्यंत चाललं. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांना उगाच चहा पाजला.

आठवड्यानं इमारतीच्या मागच्या गल्लीतून जाताना मी वर पाहिलं. चौथ्या मजल्यावर उम्म वाएलच्या घराची भिंत, पलीकडच्या अंगानं उघडी. तिच्यावर अराक्सीच्या खोलीचा पिवळा रंग, एक खिळा, एक जुना प्लग. त्याखाली जमीन नव्हती, सरळ चार मजल्यांची पोकळी.

प्लगमध्ये शिवणाच्या मशीनला असते तशी काळी पिन खोचलेली होती. तिची वायर दोन हात बाहेर आली होती आणि हवेतच संपत होती. वारा पडला होता. तरी ती खाली लोंबत नव्हती. आडवी ताणलेली होती, आणि मधूनमधून थरथरत होती.