हेमकळेची सातवी वही

सकाळी साडेआठला फोन आला तेव्हा हवालदार अल्का खोब्रागडे ठाण्याच्या बाकावर चहा पीत होती. चहा थंड झालाय हे तिला कप संपल्यावर कळलं. नवरा अपघातात गेल्याला आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून तिला गरम काय नि गार काय, सगळं सारखंच. लोक म्हणायचे, बाई मोठी धीराची. धीरबीर काही नव्हता, आत नुसतं बधिर होतं.

"वाचनालयात चोरी झाली, मॅडम," पलीकडून अध्यक्ष भोजराज टेंभरे ओरडत होते. "चोरही सापडून गेला. फक्त घेऊन जा त्याले."

चोर हजर असलेली चोरी म्हणजे काम सोपं. अल्काने टोपी घातली आणि निघाली.

अर्जुनी मोरगावात मोतीराम टेंभरे हे नाव ठाऊक नसलेला माणूस विरळा, आणि त्यांचं पुस्तक वाचलेला त्याहून विरळा. शाळामास्तर होते. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांनी अकरा प्रेमकादंबऱ्या लिहिल्या. सासुरवाशिणी त्या धानाच्या कोठीत लपवून वाचत म्हणे. सगळ्यांत गाजली ती 'हेमकळा'. प्रियकर परतत नाही म्हणून नायिका शेवटी गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्यात, उतरते आणि दिसेनाशी होते. मोतीरामांच्या हस्तलिखिताच्या सात वह्या वाचनालयात होत्या. उद्या तलावाच्या पाळीवर हेमकळेच्या पुतळ्याचं अनावरण होतं. वह्या पालखीतून मिरवायच्या होत्या.

आता त्यांतली सातवी नव्हती.

"हाच तो," अल्का वाचनालयात शिरताच भोजराजभाऊंनी बोट दाखवलं. मोतीरामांचे हे नातू, पासष्टीचे. समोर ग्रंथपाल देवाजी मेश्राम खाली मान घालून उभे होते. एकतीस वर्षांची नोकरी आणि रिटायर व्हायला चार महिने. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन होतं.

"चोरी कोणी पाहिली?"

"मीच," नागपूरहून आलेले प्राध्यापक टेकचंद बिसेन म्हणाले. "रोज एका वहीचे फोटो घेत होतो. आज सातवीची पाळी. कागदी वेष्टणाचा कोपरा फाडला, तर आत जुना दिवाळी अंक!"

टेबलावर सात पुडकी होती, सगळी खाकी कागदात, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. सहांवर देवाजींची घट्ट दुहेरी गाठ होती. सातव्याचा कोपरा फाटलेला, दोरा मात्र जागच्या जागी. त्याला गाठच नव्हती. तीन वेढे, आणि टोक वेढ्यांखाली दाबलेलं. अल्काचा अंगठा आपोआप त्या टोकावर गेला. न शोधताच तो तिथे कसा गेला, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"कपाटाच्या चाव्या किती?"

"दोन," देवाजी म्हणाले. "एक माह्याजवळ, एक भाऊंच्या घरी खुंटीवर."

"सातवी वही वाचली होती तुम्ही?"

"नाही, मॅडम. सहा वाचल्या. सातवी ठेवून देल्ली होती. उद्या कार्यक्रम झाला का निवांत वाचीन म्हनलं."

"छापील पुस्तकात शेवट आहेच की. मग वहीत काय वेगळं?"

"हातचं ते हातचं राहते, मॅडम."

अल्काने देवघेवीची वही मागितली. जुन्या पानांवरून बोट फिरवता फिरवता ते एका ओळीवर थांबलं. 'हेमकळा – चंचल भोजराज टेंभरे.' बारा वर्षांपूर्वीची तारीख. परत आल्याचा रकाना कोरा.

"हे पुस्तक परत आलं नाही?"

देवाजींनी एकदा भोजराजभाऊंकडे पाहिलं. "ते राहू द्या, मॅडम."

भोजराजभाऊ खिडकीबाहेर पाहू लागले. अल्काला आठवलं. टेंभऱ्यांची कॉलेजातली पोर चंचल तेव्हाच तलावात सापडली होती. गाव अजून म्हणतं, हेमकळेसारखी गेली. तिने वही मिटली. दुसऱ्या कोणाला तेव्हा गलबलून आलं असतं. तिला काहीच झालं नाही.

"चला भाऊ, तुमच्या घरची खुंटी दाखवा."

टेंभऱ्यांच्या ओसरीवर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा पडला होता. चावी खुंटीवरच होती.

"प्राध्यापक तुमच्याकडेच उतरलेत?"

"आठ दिवस झाले."

"तुम्ही स्वतः या वह्या वाचल्यात?"

"मी कायले वाचू? घरचंच तर हाय," भोजराजभाऊ म्हणाले. घरची कोंबडी डाळीबरोबर ती अशी. "इकडे तिकडे काऊन विचारून राहिल्या, मॅडम? देवाजीले उचला ना. बाहेर लाखात विकत असंन तो."

"मला तर सातवीच हवी होती," मागोमाग आलेले प्राध्यापक मध्येच म्हणाले. "पण छापायला. लपवून ठेवली तर माझा ग्रंथ अपुरा राहतो. शेवटाशिवाय कादंबरी कोण छापेल?"

सुखवंताबाईंनी चहा आणला. भोजराजभाऊंच्या पत्नी, तिरोड्याच्या माहेरच्या. बोलणं मोजकं आणि डोळे कोरडे. त्या डोळ्यांची अल्काला ओळख पटली, कारण रोज आरशात तिला तसेच दिसत होते.

"काकू, तुम्ही वाचनालयात जाता?"

"जाते कधी दुपारी. देवाजीभाऊ बसू देतेत."

"उद्याच्या कार्यक्रमाला येणार?"

"मालक म्हणतेत या." त्यांनी गठ्ठ्यातली एक पत्रिका उचलली होती. बोलता बोलता तिचा एक तुकडा फाडून बोटांवर निमुळता वळला. रुंद तोंडाची कड अंगठ्याच्या नखाने आत दुमडली. मग तो ओसरीवर ठेवून दुसरा तुकडा घेतला. त्यांचं हातांकडे लक्षच नव्हतं.

अल्का पाहत राहिली. चहा पहिल्यांदाच गरम लागला, जीभ भाजली.

"देवाजींना इथे बोलवा," ती म्हणाली. "ते चोर नाहीत."

देवाजी आले आणि ओसरीच्या पायरीवर उभे राहिले. भोजराजभाऊंच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

"भाऊ, विकायचं असतं तर चोराने सातही वह्या नेल्या असत्या," अल्का म्हणाली. "सहा सोडून एकच नेली. म्हणजे त्याला पैसा नको होता, फक्त शेवट लपवायचा होता. देवाजींना वहीतला शेवट माहीतच नव्हता. प्राध्यापकांना तो छापायचा होता. तुम्ही तर आजोबांचं एक पानही उघडलेलं नाही."

"मंग उरलं कोण?"

"कपाट फोडलेलं नाही. चावी या खुंटीवरची. बनावट पुडकं बांधणाऱ्याने दोऱ्याला गाठ मारली नाही. तीन वेढे आणि टोक आत. माझी आई विड्या वळायची, भाऊ. दिवसाला हजार विड्या वळणारीला गाठी मारायला वेळ नसतो. मीही दहावीपर्यंत आईशेजारी बसून असाच दोरा घातलाय. डोकं विसरतं, हात विसरत नाही." तिने ओसरीवरचे वळलेले तुकडे उचलून तळहातावर धरले. "काकू, तिरोड्याला तुम्ही किती वर्षं विड्या वळल्या?"

"लग्न होयेपर्यंत," सुखवंताबाई म्हणाल्या. "नवव्या वर्षापासून."

भोजराजभाऊ उठले, पुन्हा खाली बसले.

सुखवंताबाई आत गेल्या. माजघरातल्या पेटीतून त्यांनी कॉलेजची एक निळी पिशवी आणली. तिच्यात एक छापील 'हेमकळा' होती, पाणी लागून फुगलेली. आणि सातवी वही.

"देवाजीभाऊ मले वाचू द्यायचे," त्या म्हणाल्या. "कोणाले सांगत नव्हते. आतापन सांगितलं नाही त्याहिनं, मानूस असा हाय."

"बाईचं दुःख मोठं," देवाजी पुटपुटले. "अन पुस्तक मीच देल्लं होतं पोरीले."

"सातवी मी वाचली. हेमकळा मरतच नाही, मॅडम."

प्राध्यापक खुर्चीतून अर्धे उठले. सुखवंताबाईंनी वहीच्या शेवटी चिकटवलेलं पिवळं पत्र काढून अल्काला दिलं. प्रकाशकाचं होतं. 'शेवट फिका आहे. नायिका बुडाल्यास वाचकांस रडू येईल व खप वाढेल. आम्ही तसा पालट करीत आहोत.'

"माही पोर ते वाचून गेली," सुखवंताबाईंचा आवाज जराही हलला नाही. "बारा वर्सं मी मास्तरच्या फोटोले शिव्या देल्ल्या. अन त्यानं तर तिले वाचवलंच होतं. आता मी कोणाले शिव्या देऊ?"

त्यांनी वही मिटून पिशवीशेजारी ठेवली.

"उद्या हे तिचं बुडनं मिरवतीन, टाळ्या वाजवतीन, त्यात ही वही नको म्हनून नेली. वाटलं, पालखीत ठेवून नुसतं ओवाळतीन, उघडून पाहते कोण? देवाजीभाऊवर आळ येईन हे ध्यानातच नाही आलं. मघा तुम्ही त्याहिले नेलं असतं तर मीच आली असती ठान्यावर."

"तक्रार तुमची आहे, भाऊ," अल्का म्हणाली. "काय करायचं?"

भोजराजभाऊंनी ती निळी पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग त्यांनी फोन लावला. "दुधराम? मिस्त्री, पाळीवरचा पुतळा उतरवून ठेव... हो, आजच. पान्याजवळ नको." फोन ठेवून ते पायरीकडे वळले. "देवाजी, तुह्यावर आळ घेतला. चुकलो मी. वर ये, बस." आणि वही त्यांच्या हातात देत म्हणाले, "वाच. मोठ्यानं."

देवाजींनी चष्मा पुसला. शेवटचं पान उघडलं. त्यात हेमकळा गुडघाभर पाण्यात उभी होती. पाळीवरून जाळं घेऊन चाललेल्या म्हाताऱ्या ढिवरणीने तिला हटकलं. देवाजी वाचू लागले. "'पाणी न्यायले आली, तं घागर काऊन नाही आनली वं? जाय घरी. चूल पेटव. उपाशी पोटी कोणताच निर्णय घेऊ नये, पोरी. आधी भात खाय.' हेमकळा वळली. लुगड्याचा ओला काठ पिळला आणि घराकडे चालू लागली."

वही तिथेच संपत होती.

भोजराजभाऊ उपरण्यात तोंड लपवून रडत होते. सुखवंताबाई रडल्या नाहीत. त्या उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"भात टाकून राहिली मी," दारातून त्या म्हणाल्या. "मॅडम, तुम्ही जेवान?"

आठ महिन्यांत अल्का कोणाच्या घरी जेवली नव्हती. ती नाही म्हणणार होती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की तिला भूक लागली आहे.

"टाका," ती म्हणाली, आणि टोपी काढून ओसरीवर ठेवली.