शेपटीतली टकटक

दुपारचे चार वाजले होते. ऊन गॅरेजच्या दारापर्यंत आलेलं, शेजारी कुणाचा तरी रेडिओ चाललेला. असल्या वेळी माणूस कशाला घाबरतोय? पण ऐका.

विमानवाल्यांकडे लेक आली होती. विमानवाले हे नाव गल्लीनं ठेवलेलं. गृहस्थ मुळात साधे फिटर, आता निवृत्त. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी एका जुन्या लढाऊ विमानाचा संच मागवला. हुबेहूब, अस्सल मापाचं, एका माणसानं उडवायचं. खोकी आली तेव्हापासून गॅरेजमध्ये गाडी नाही आणि घरात नवरा नाही. "सवत आणलीत हो, तीही पत्र्याची," बायको हसून म्हणायची. पहिली दोन वर्षं हसून, मग नुसतंच.

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायची खीळ, मारणं हे एकट्याचं काम नव्हे. बाहेरून एकानं ठोकायची गन चालवायची, आतून दुसऱ्यानं लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, तेव्हा रिव्हेटचं टोक चेपून बसतं. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आतल्यानं ठोकळ्यानं पत्र्यावर टकटक करायची. एक टक, तर बसला. दोन टक, तर अजून मार. तीन टक, तर वाया गेला, काढून टाक. शेपटीच्या निमुळत्या पोकळीत मावेल इतकी बारीक घरात बायकोच, त्यामुळे ठोकळा कायम तिच्या हातात.

पुढे तिला दम लागायला लागला. "अहो, आत गुदमरतं मला," ती म्हणायची. "एवढी ओळ संपू दे," हे म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी! गेल्या वर्षी अशीच एक ओळ निम्म्यावर आली आणि आतून टकटक येईना. माणसानं डोकावून बघावं की नाही? हे ओरडले, "झोपलीस की काय?" आणि पुढचा रिव्हेट लावला. तिला बाहेर ओढलं तेव्हा तिचे हात गार पडले होते.

ती ओळ तशीच राहिली. बावीस रिव्हेट. उद्या तपासनीस येणार होता आणि त्यानं होकार दिला की हे वर जाणार होते. लेकीला बोलावलं ते एवढ्यासाठी.

"आईच्या जागी बसवताय मला," लेक म्हणाली. "बसते. पण यानंतर मला बाप नाही."

"बरं, बरं. ठोकळा सरळ धर," हे म्हणाले. सुंभ जळाला तरी पीळ कुठला जातोय!

ती आत सरकली. ह्यांनी कानांवर झाकणं चढवली, पत्र्याशी तोंड नेलं, डावा हात पत्र्यावर टेकवला आणि गन दाबली. हाताला एक टक जाणवली. पुढचा... एक टक. ना उशीर, ना कुरकुर. बाविसाव्यापर्यंत ह्यांचा चेहरा फुलला.

"वा! हात अगदी आईचा आहे तुझा!" झाकणं काढत हे म्हणाले.

"कुणाचा हात?"

आवाज मागून आला. लेक दारात उभी होती, हातात फोन.

"मी केव्हाच बाहेर आले, बाबा. हाका मारल्या, तुम्हाला ऐकू गेलं नाही. पहिल्या रिव्हेटच्याही आधी. आत... आत कुणीतरी माझ्या दंडाला धरून बाजूला सारलं."

ह्यांनी बॅटरी घेऊन शेपटीत डोकं घातलं. आत कुणी नव्हतं. आतली हवा मात्र कोंदट, आजारी माणसाच्या उशाशी असते तशी. बावीसच्या बावीस रिव्हेट वाकडे होते. एकही धड बसला नव्हता. वरून गुळगुळीत, आतून सगळे फुसके. आणि प्रत्येकाला तिनं ठीक म्हटलं होतं. जिवंतपणी आठ वर्षांत तिनं एकदाही खोटी टकटक केली नव्हती.

"काढा ते सगळे," लेक पुटपुटली. "उद्या वर गेलात तर शेपूट तुटेल."

ह्यांनी शेपटीवरून हात फिरवला. "नको," हे म्हणाले. "जन्मात तिचं एक ऐकलं नाही. ती ठीक म्हणतेय ना, आता एवढं ऐकतो. आहे तसं रंगवून टाकतो, तपासनीसाला कळायचं नाही."

"अजूनही ह्यातच बसायचंय तुम्हाला!" लेक किंचाळली. तिनं भिंतीकडचा मोठा हातोडा उचलला आणि शेपटीवर घातला. पत्रा चेपला. ह्यांच्या तोंडून हाय निघाली, बायको गेली तेव्हाही निघाली नव्हती तशी.

आणि आतून... टक, टक.

लेकीनं वर्षानुवर्षं ऐकलेली खूण ती, अजून मार. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण हात थांबले नाहीत. तिनं पुन्हा घाव घातला. टक, टक. पुन्हा. टक, टक. "तू तरी थांब गं!" हे पत्र्याला हात जोडून म्हणाले, नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिच्याशी इतक्या मऊपणानं. उत्तर आलं नाही. पुढच्या घावानंतर मात्र आलं.

अंधार पडायच्या आत शेपटीचा पार चपटा पापड झाला. पत्र्याला पत्रा भिडला, मधे बोट शिरायलाही जागा उरली नाही. लेक हातोडा टाकून मटकन खाली बसली.

आतून अजून येतच होतं. टक, टक... टक, टक...