मिस्टर टॅन्सिलच्या खिडकीतला करंट

ज्याला पटत नाही त्याने हे इथेच सोडून द्यावं. मी चर्चमध्ये गाणारी बाई आहे, दारूला शिवत नाही, आणि त्या दिवशी मला तापही नव्हता. जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

भुतं रात्रीच येतात असं तुम्ही ऐकलं असेल.

हे भर दुपारी झालं.

१९६४ चा फेब्रुवारी, रविवार. शिकागोतला मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे ढीग आणि मुंगीला वाट मिळणार नाही एवढी गर्दी. इतक्या माणसांत काय व्हायचंय, असंच कुणालाही वाटलं असतं.

मी विलोडीन. माझा धाकटा भाऊ होझिया आठवडाभर पोलादाच्या कारखान्यात राबायचा आणि रविवारी बाजारात गिटारवर ब्लूज, म्हणजे आमच्या लोकांची दुःखाची गाणी, वाजवायचा. मिसिसिपीत आमचे वडील हेच वाजवायचे, अंगणात बसून, साध्या गिटारवर. तिथे तेवढं पुरायचं. शिकागोत डोक्यावरून आगगाडी जाते, खाली ट्रक, फेरीवाले, भांडणं. इथे गिटार अँप्लिफायरला जोडून करंटवर वाजवली नाही तर ती तुम्हालाच ऐकू येत नाही.

आणि रस्त्यावर करंट कुठून आणायचा?

वरच्या खिडकीतून. बाजारात वाजवणाऱ्या प्रत्येकाची एक खिडकी ठरलेली होती. वरचा भाडेकरू खिडकीतून लांब वायर सोडायचा, सोबत दोरीला बांधलेली टोपली. आपण टोपलीत जेवणाचं ताट ठेवायचं. ताट वर गेलं की करंट खाली. वाजवून झालं की वायरीला दोन झटके द्यायचे, मग वरचा माणूस वायर ओढून घ्यायचा.

होझियाची खिडकी होती मिस्टर टॅन्सिल यांची. तिसरा मजला. सगळा जन्म खाटीकखान्यात राबण्यात गेलेला एकटा म्हातारा. खिडकीत बसून तो काठीने चौकटीवर ताल धरायचा.

ठक... ठक... ठक...

जानेवारीत तो वारला. आम्ही दोघं त्याला पुरायला गेलो होतो. उरलेले भाडेकरूही निघून गेले, कारण ती इमारत पाडायची ठरली होती. वीज कंपनीच्या माणसांनी तिच्या वायरी कापल्या, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. टोपली आणि ती लांब वायर तेवढी खिडकीतून लोंबकळत राहिली.

होझिया तीन-चार रविवार बाजारात गेलाच नाही. पण त्या रविवारी त्याला जावंच लागणार होतं. एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस, केरो नावाचा, त्याला ऐकायला येणार होता. माझा भाऊ तेहतीस वर्षांचा. भट्टीपुढे उभं राहून छाती जळत चाललेली. ही संधी गेली असती तर पुन्हा आली नसती, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

तिथेच घोडं अडलं. सगळ्या खिडक्या दुसऱ्यांनी धरलेल्या.

"आता काय, तोंडाने वाजवणार?" क्लिओथा म्हणाला. तो होझियाचा साथीदार, माउथ ऑर्गन वाजवायचा. जिभेला हाड नाही.

"तू गप बस. तुझं बरंय, तुला फुंकायचंच आहे."

"मग बस वरच्या त्या म्हाताऱ्याच्या नावाने रडत."

होझियाने वर पाहिलं. मग माझ्या हातातलं ताट ओढून घेतलं. तळलेला मासा, मक्याचा पाव, पालेभाजी... त्याच्यासाठीच आणलं होतं मी.

"अरे, काय करतोयस?"

"मिस्टर टॅन्सिलना जेवण."

"होझिया, ते मेलेत."

"मग जास्तच भूक लागली असेल."

क्लिओथा खदाखदा हसला. मला हसू आलं नाही. आमच्या आईचं एक सांगणं होतं. मेलेल्याच्या नावाने घास ठेवावा, खुशाल ठेवावा. पण त्याच्याकडे काही मागू नये.

होझियाने लोंबकळणारी वायर अँप्लिफायरला जोडली आणि ताट टोपलीत ठेवलं. टोपी काढली. आता तो थट्टा करत नव्हता, ते मला त्याच्या आवाजावरून कळलं.

"मिस्टर टॅन्सिल, फक्त आजच्या दिवस. तुमच्या पाया पडतो. आज माझी लाज राखा."

वारा पडलेला होता...

टोपली हलली.

मग दोरी ताठ झाली, आणि टोपली हळूहळू वर गेली. पूर्वी जायची तशीच. थांबत, दम खात... म्हातारा ओढायचा तशी.

"कुणीतरी बेवडा घुसलाय वर," क्लिओथा म्हणाला. "फुकट जेवला बघ!" पण तोंडापर्यंत नेलेला त्याचा माउथ ऑर्गन तिथेच थांबला होता.

कारण होझियाच्या अँप्लिफायरचा लाल दिवा लागला होता.

होझियाने वाजवायला सुरुवात केली.

काय सांगू तुम्हाला! मी माझ्या भावाला लहानपणापासून ऐकत आले. त्या दिवशीसारखं कधी ऐकलं नाही. बाजार थांबला. कोंबड्या विकणाऱ्या बाया गप्प झाल्या. मला आमचं गाव दिसलं, आगगाडीच्या खिडकीतून मागे राहिलेली आई दिसली, आणि मी भर रस्त्यात रडले. केरो कधीचा येऊन उभा होता. त्याच्या हातातली सिगारेट बोटांपर्यंत जळत आली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

मग मला ते ऐकू आलं.

गिटारच्या मागे... अँप्लिफायरमधूनच...

ठक... ठक... ठक...

मी क्लिओथाकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यालाही ऐकू येत होतं.

गाणं संपायची जागा आली. होझिया थांबला नाही.

पुन्हा ती जागा आली. पुन्हा तो पुढे गेला. लोक टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. त्यांना तो खेळ वाटला. मला मात्र त्याची बोटं दिसत होती. रक्त तारांवरून खाली टपकत होतं. ओठ निळे पडले होते. आणि तो उभ्या उभ्या सरकत होता... पाय न उचलता... भिंतीकडे.

वायर ताणली गेली होती. वरून कुणीतरी ती ओढत होतं.

"होझिया!" मी ओरडले. "पुरे झालं! बंद कर!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी. त्याने फक्त मान हलवली, आणि ती 'नाही' म्हणून हलवली की 'जमत नाही' म्हणून, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी मागच्या लाकडी जिन्याने वर धावले.

तिसऱ्या मजल्यावरचं दार नुसतं लोटलेलं होतं.

खोली रिकामी. बाजेची खूणसुद्धा उरली नव्हती. बेवडा नाही, कुणीच नाही. खिडकीखाली माझं ताट. चाटूनपुसून स्वच्छ. मी हात लावला... कोमट होतं.

आणि वायर. ती खिडकीतून आत येऊन खोलीच्या मधोमध गेली होती. तिथे तिची पिन हवेत उघडीच होती. भिंतीतलं सॉकेट कधीच उपटून नेलेलं, नुसतं भोक उरलं होतं.

पिन कशातच नव्हती.

पण वायर ताठ होती. जमिनीपासून कमरेएवढी वर. आणि एकेक वीत आत येत होती.

माझी पाचावर धारण बसली. तरी मी बोलले. मोठ्या माणसाशी बोलतात तसंच बोलले.

"मिस्टर टॅन्सिल... सर... तो माझ्या आईचा एकुलता एक मुलगा आहे. तुम्हाला मुलासारखाच होता ना? सोडा त्याला."

वायर थांबली.

खाली गिटार वाजतच होती. माझ्या अगदी जवळ, बाजूलाच, कुणीतरी मोठा श्वास घेतला. जेवण झाल्यावर माणूस घेतो तसा. समाधानाचा.

मग चौकटीवर... ठक.

मी पुढचं ऐकायला थांबले नाही. पिन धरली. ती म्हाताऱ्याच्या हातासारखी उबदार आणि खरखरीत होती. सगळा जोर लावून ती खिडकीबाहेर फेकली.

बाजारात एकदम शांतता झाली.

खाली पाहिलं तर होझिया बर्फात पडला होता.

तो वाचला. क्लिओथाने त्याला कोटात गुंडाळलं, कुणीतरी व्हिस्की पाजली. केरो गुडघ्यांवर बसून त्याला म्हणत होता, "मंगळवारी ये. स्टुडिओत. हेच वाजव, अगदी हेच."

होझियाने डोळे उघडले. केरोकडे पाहिलंही नाही.

"डीन," तो मला म्हणाला, "शेवट राहिला गं."

मंगळवारी मीही सोबत गेले. बोटांना पट्ट्या बांधून तो बसला, तार छेडली.

आवाज नाही.

त्यांनी वायर बदलली. अँप्लिफायर बदलला. तिथल्या एका वादकाने होझियाची गिटार घेतली, तर ती खणखणीत वाजली. होझियाच्या हातात परत दिली... मुकी. चार गिटारी आणल्या. चारही मुक्या. केरो भला माणूस होता, त्याने जाताना होझियाच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही बसने घरी आलो.

त्यानंतर माझ्या भावाच्या हाताखाली करंटची गिटार कधी वाजली नाही. तो परत भट्टीपुढे गेला आणि म्हातारा होईपर्यंत तिथेच राहिला. आता माझ्याच घरी असतो. मी स्वयंपाक करताना रेडिओ लावते. तो जवळ येऊन बसला की रेडिओ गप्प होतो. तो उठून बाहेर जातो, मग पुन्हा गाणं सुरू होतं. त्याला हे माहीत आहे. म्हणून मी काही ऐकत असले तर तो दारातच उभा राहतो, हिवाळा असला तरी.

मिस्टर टॅन्सिलना माझ्या भावाला घेऊन जायचं होतं, की गाणं फक्त शेवटपर्यंत ऐकायचं होतं? वायर थांबली होती. मी बोलले तेव्हा ती थांबली होती, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अजून थोडं थांबले असते तर काय झालं असतं, कोण जाणे. भाऊ गेला असता. किंवा गाणं नीट संपलं असतं आणि आज त्याचं नाव जगाला माहीत असतं.

मी त्याचा जीव वाचवला. चर्चमधले सगळे तसंच म्हणतात, क्लिओथाही मरेपर्यंत तेच म्हणत होता.

होझिया मात्र अजून एकदाही तसं म्हणालेला नाही.